गरवण्याची काठी

काजळी नदी रत्नागिरीच्या दक्षिणेस जेथें समुद्रास मिळते, त्या भाट्याच्या खाडीच्या कांठीं भरती लागण्याच्या सुमारास जाऊन उभें राहिलें, म्हणजे मासे धरणारीं माणसें दोन प्रकारचीं दिसतात. पहिल्या प्रकारच्या मनुष्यापाशीं काठी नसते. लांकडाच्या तुकड्यावर किंवा रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस, त्याच्या टोंकाला गरी, गरीला कोळंबी, आणि तो तंगूस उजव्या हाताच्या तर्जनीवरून पाण्यांत सोडलेला, एवढाच त्याचा सारा संसार. दुसऱ्या प्रकारचा मनुष्य मुंबई-पुण्याकडून चार दिवसांच्या सुटीवर आलेला असतो. त्याच्या हातांत चकचकीत काठी असते, काठीला रीळ असतें, पेटींत रंगीबेरंगी रबरी मासे असतात. आणि दिवस मावळला म्हणजे पहिल्याची पिशवी भरलेली असते व दुसऱ्याची पेटी जशी उघडली तशीच बंद होते.

ह्या दोघांपैकीं दुसरा मनुष्य एके काळीं मी स्वतः होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. पहिल्यापासून मला जें शिकावें लागलें, तेंच आज आपल्यापुढें मांडणार आहें. विषय दिसावयास लहान आहे. जिग आणि मऊ प्लास्टिकचीं आमिषें वापरून खाडींत गरवावयाचें असेल, तर काठी कशी निवडावी? ज्यांना कधींच पाण्याकांठीं बसावयाचें नाहीं, त्यांनींही थोडा वेळ ऐकावें. कारण कोणतेंही हत्यार विकत घेतांना आपण जी एक ठराविक चूक करतों, तीच ह्या काठीच्या बाबतींत फार स्पष्ट दिसून येते.

गरवणें हा शब्द देशावरील श्रोत्यांस कदाचित् अपरिचित असेल. गरी म्हणजे गळ. गरीनें मासे धरणें तें गरवणें. रापण ओढावयाची तर सारी वाडी किनाऱ्यावर यावी लागते. पाग टाकावयाचा तर खांद्यांत बळ आणि नजरेंत अंदाज लागतो. गरवणें हा मात्र एका माणसाचा एका माशाशीं व्यवहार आहे, आणि त्या दोघांमध्यें पन्नास-साठ हात गढूळ पाणी असतें. पाण्याखालीं काय चाललें आहे तें डोळ्यांना दिसत नाहीं. जें कांहीं कळावयाचें तें हातालाच कळलें पाहिजे.

आपल्या खाड्यांत ज्या माशांसाठीं मनुष्य अशी खटपट करतो, त्यांत जिताडा आणि तांबोशी हे प्रमुख. जिताड्याला गोव्यांत चोणक म्हणतात, ऑस्ट्रेलियांत बारामुंडी म्हणतात, आणि इंग्रजी ग्रंथांत आशियाई समुद्री बास असें त्याचें एक नांव आहे. अमेरिकेंतील तळ्यांत व नद्यांत जो बास नांवाचा मासा सांपडतो, तो कुळानें अगदीं निराळा. परंतु स्वभावानें दोघांचें बरेंच जमतें. दोघेही दगडाच्या, मुळाच्या किंवा खांबाच्या आडोशाला दबा धरून बसतात, समोरून जाणाऱ्या भक्ष्यावर एकाएकीं झेंप घालतात, आणि गळ लागला कीं पुन्हां त्याच आडोशाकडे धांव घेतात. अमेरिकेंत त्या बाससाठीं काठ्यांचें एक शास्त्रच तयार झालें आहे, आणि आपल्याकडील दुकानांत ज्या काठ्या मिळतात त्यांतील पुष्कळ त्याच शास्त्राप्रमाणें बनविलेल्या असतात. म्हणून तें शास्त्र थोडेंसें समजून घेणें आपल्याला उपयोगाचें आहे.

प्रथम आमिषाविषयीं. जिग म्हणजे शिशाचें डोकें ओतलेला गळ. गळाचा दांडा डोक्यापाशीं वळविलेला असून दोरा बांधण्याची कडी डोक्याच्या वरच्या बाजूस येते. त्यामुळें तो पाण्यांत टोंक वर करून चालतो आणि दगडांत व मुळांत कमी अडकतो. ह्या गळावर मऊ प्लास्टिकचा मासा अगर कोळंबी ओंवली कीं आमिष तयार झालें. असें मऊ प्लास्टिकचें गांडूळ निक क्रीम ह्या अमेरिकन यंत्रकारागिरानें ओहायो संस्थानांतील ऍक्रन शहरीं १९४९ सालीं बनविलें, आणि तेव्हांपासून ह्या वस्तूंचा प्रसार जगभर झाला. आपल्या खाडींत बोय ह्या माशाच्या पिलासारखा दिसणारा, शेपूट हालविणारा चार इंची रबरी मासा हें नित्याचें आमिष होय.

ह्या आमिषाला स्वतःचा जीव नाहीं. त्याला जीव देतो तो गरवणाऱ्याचा हात. काठीचें टोंक हातभर उचलावें, म्हणजे आमिष तळावरून उठतें. टोंक सावकाश खालीं आणावें, म्हणजे तें थरथरत खालीं पडतें. मासा बहुतेक वेळां तें पडत असतांनाच घेतो. आणि घेतो तरी कसा? आपण समजतों तसा हिसका मारून नव्हे. जिताड्याचें तोंड मोठें. तें एकदम उघडून तो पाण्यासकट आमिष आंत ओढून घेतो. त्या क्षणीं आपल्या हाताला जें कळतें तें फार सूक्ष्म असतें. नखानें टिचकी मारावी तसा एक ठोका, किंवा दोरा क्षणभर सैल पडल्याचा भास. जिवंत कोळंबी असती तर त्यानें ती गिळली असती आणि आपल्याला विचार करावयास सवड मिळाली असती. प्लास्टिक मात्र अन्न नव्हे हें ध्यानांत येतांच तो तें थुंकून टाकतो. घेणें आणि थुंकणें ह्यांच्या मधल्या अवधींत ज्याला कळलें त्याचाच मासा.

आतां माझी हकीकत. माझी पहिली काठी मीं शहरांतील एका दुकानांत घेतली. मनांत विचार एकच होता कीं, मासा मोठा, तेव्हां काठी जाड हवी. ती काठी आठ फूट लांब, बुंध्याशीं अंगठ्याएवढी जाड, आणि शेंड्यापर्यंत ताठ होती. बोटींतून खोल समुद्रांत पाव किलो शिसें सोडून बसणाऱ्याला ती शोभली असती. भाट्याला मीं तिच्यावर दहा ग्रॅमचें जिग बांधलें, तें वीस पावलांपलीकडे जाईना. तीन सायंकाळीं मी तेथें उभा राहिलों, आणि एकही मासा आमिषाला शिवला नाहीं अशी माझी समजूत झाली. शेजारीं तंगूस बोटावर घेऊन एक वृद्ध गृहस्थ बसलेले असत. सारे त्यांना तात्या म्हणत. तिसऱ्या सायंकाळीं त्यांना राहवलें नाहीं.

"काय वो पावणे," ते म्हणाले, "ही काठी हाय का वासा?"

मी हंसलों. तात्या मात्र हंसले नाहींत. "तीन येळा मासा घेऊन गेला तुमचा," ते म्हणाले. "दोरा ढिला पडला तो मी हिकडनं बघितला. तुमच्या हाताला कसा कळला नाय?"

मीं काठी त्यांच्या हातांत दिली. त्यांनीं ती थोडी हालवून पाहिली, दोरा तर्जनीवर घेऊन क्षणभर डोळे मिटले, आणि काठी परत करीत म्हणाले, "हिच्यापरीस माजं बोट बरं."

श्रोतेहो, काठीच्या निवडीसंबंधीं ह्याहून नेमकें वाक्य मीं कोठेंही वाचलेलें नाहीं. परंतु त्या वेळीं मला त्याचा अर्धाच अर्थ कळला. पुढच्या सुटींत मीं उलट टोंक गांठलें. बोरूसारखी बारीक, लवलवीत काठी घेऊन आलों. हिच्यावर मात्र आमिषाचा प्रत्येक ठोका कळे. दुसऱ्याच दिवशीं, भरतीच्या पहिल्या तासांत, ती टिचकी मला ऐकूं आली म्हटलें तरी चालेल. मीं काठी मागें ओढली, मासा लागला. आणि मग ती काठी मुठीपर्यंत वांकली ती वांकलीच. मासा कांठच्या दगडांकडे वळला. त्याला वळवून आणण्याइतकें बळ काठींत नव्हतें. त्या दगडांवर कालवें चिकटलेलीं होतीं. कालवाची कड वस्तऱ्यासारखी असते. दोरा तिच्यावर घांसला आणि तुटला. माझा गळ तोंडांत आणि चार-पांच हात दोरा पाठीमागें घेऊन तो मासा गेला. मासा गेल्याचें दुःख दोन दिवसांत ओसरलें. तो गळ घेऊन गेला ह्याचें ओसरलें नाहीं. आपल्या करमणुकीसाठीं आपण एका प्राण्याच्या गळ्यांत लोढणें अडकवून दिलें, आणि तें केवळ आपण चुकीचें हत्यार हातांत घेतलें म्हणून, ही जाणीव सुखाची नाहीं.

बरोबर काठी ह्या दोन चुकांच्या मध्यें कोठें तरी आहे. ती कोठें, हें ठरविण्यासाठीं काठीला करावीं लागणारीं तीन कामें डोळ्यांपुढें ठेवावीं. पहिलें फेंकण्याचें, दुसरें सांगण्याचें, तिसरें ओढण्याचें. माझ्या पहिल्या काठीला फक्त ओढतां येत होतें. दुसरीला फेंकतां आणि सांगतां येत होतें, पण ओढतां येत नव्हतें.

दुकानांत गेलें म्हणजे दोन शब्द कानांवर पडतात आणि पुष्कळांचा त्यांत घोटाळा होतो. एक पॉवर आणि दुसरा ॲक्शन. पहिल्याला आपण ताकद म्हणूं आणि दुसऱ्याला वांक. काठी वांकविण्यास किती जोर लागतो, तें तिची ताकद सांगते. काठी कोणत्या ठिकाणीं वांकते, तें तिचा वांक सांगतो. ह्या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहींत. कोंकणांतील वाडींत वारा सुटला म्हणजे पोफळीकडे आणि माडाकडे पाहावें. पोफळ आपल्या साऱ्या उंचीनें डोलते. माड बुंध्याशीं स्थिर राहतो आणि त्याचा शेंडा हालतो. काठ्यांतही ह्या दोन जाती आहेत. जी काठी शेंड्याच्या पाव-तिसऱ्या हिश्शांतच वांकते आणि खालीं ताठ राहते, तिला दुकानदार फास्ट म्हणतो. जी मध्यापर्यंत वांकते ती मॉडरेट. जी मुठीपर्यंत वांकते ती स्लो. फास्ट म्हणजे वेगानें धांवणारी नव्हे. वांकून झाल्यावर पटकन् सरळ होणारी, इतकाच त्या शब्दाचा अर्थ.

जिग आणि मऊ प्लास्टिक ह्यांना माडाच्या जातीची, म्हणजे फास्ट काठी लागते. कारण सोपें आहे. जिगचा गळ एकेरी आणि जाड तारेचा असतो. कित्येकदां, मुळांत अडकूं नये म्हणून, त्याचें टोंक प्लास्टिकच्या अंगांतच लपवून ठेवलेलें असतें. मासा लागला असें कळतांच तें टोंक प्रथम प्लास्टिकमधून बाहेर यावें आणि मग माशाच्या कठीण जबड्यांत शिरावें, एवढें काम एका झटक्यांत व्हावयाचें असतें. काठी मुठीपर्यंत वांकणारी असेल तर तो झटका तिच्या वांकण्यांतच विरून जातो. उलट, पोटाखालीं तीन-तीन तोंडांचे बारीक गळ लावलेले जे लांकडी किंवा कडक प्लास्टिकचे मासे असतात, त्यांना फास्ट काठी घातक होते. बारीक गळ ओंठ फाडून सुटून येतात. त्यांना मध्यापर्यंत वांकणारी काठीच बरी. कोळंबी लावून स्वस्थ बसावयाचें असेल तर त्याहूनही मऊ चालते. तेव्हां "चांगली काठी कोणती" ह्या प्रश्नाला उत्तर नाहीं. "कशासाठीं" हें आधीं सांगावें लागतें.

ताकदीच्या बाबतींत, ज्यावर मीडियम हेवी असें लिहिलेलें असतें ती, म्हणजे मध्यमाहून एक पायरी भारी काठी भाट्यासारख्या दगड, खांब आणि कांदळ असलेल्या खाडीला योग्य. आडोसा नसलेल्या मोकळ्या वाळूवर, हलक्या आमिषासाठीं, नुसती मध्यम पुरते. परंतु ह्या शब्दांवर फार विसंबूं नये. ते ठरविणारी कोणतीही सर्वमान्य मोजपट्टी नाहीं. एका कारखान्याची मध्यम ती दुसऱ्याची भारी असूं शकते. मुठीच्या वर काठीवर बारीक अक्षरांत जे आंकडे छापलेले असतात ते अधिक विश्वसनीय. त्यांत आमिषाच्या वजनाची मर्यादा दिलेली असते. पाव औंस ते पाऊण औंस, म्हणजे सुमारें ७ ते २१ ग्रॅम, ही मर्यादा आपल्या कामाला बरोबर जुळते. येथें एक लहानशी गोष्ट ध्यानांत ठेवावी. जिगवर १४ ग्रॅम लिहिलेलें असतें तें केवळ शिशाच्या डोक्याचें वजन. वर ओंवलेला रबरी मासा आणखी सात-आठ ग्रॅमचा असतो. दोन्ही मिळून काठीच्या मर्यादेच्या मध्याच्या आसपास असावींत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जोराची असते, तेव्हां शिसें थोडें वाढवावें लागतें. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या पाण्याला, हलकें चालतें. ही वाढ-घट मर्यादेच्या आंत बसावी अशी काठी घ्यावी.

लांबीविषयीं लोकांचा आग्रह उगीच मोठा असतो. लांब काठीनें आमिष दूर जातें हें खरें. परंतु काठी ही एक तरफ आहे, आणि तिचें लांब टोंक माशाच्या हातीं असतें हें विसरूं नये. काठी जितकी लांब तितका मासा आपल्या मनगटाला अधिक जड. शिवाय दिवसांत शेकडों वेळां टोंक उचलावयाचें आणि खालीं आणावयाचें म्हणजे शेंड्याकडील प्रत्येक ग्रॅम जाणवतो. खाडीच्या कांठावरून सात फूट पुरे. होडींतून साडेसहा. मिऱ्याच्या किनाऱ्यावरील दगडांच्या बांधावरून किंवा खडकावरून गरवावयाचें असेल, तर दोरा पुढच्या दगडांवर घांसूं नये म्हणून आठ-नऊ फूट घ्यावी. परंतु अशा ठिकाणीं काठीच्या लांबीपेक्षां पायांखालचा दगड आणि समोरची लाट ह्यांकडे लक्ष असणें जास्त अगत्याचें. ओल्या शेवाळावरून घसरलेल्याला नऊ फुटी काठी वांचवीत नाहीं.

आतां काठी कशाची असावी? पूर्वीं हा प्रश्नच नव्हता; काठी बांबूची. कोंकणांत चिव्याची. आपल्या बांबूचा एक इतिहास आपल्याच पुष्कळांना ठाऊक नाहीं. मद्रास प्रांतांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस ह्यानें हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवर 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ १८७३ सालीं प्रसिद्ध केला. त्याच काळीं अमेरिकेंतील कारागीर बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या तासून व एकमेकींस चिकटवून उत्कृष्ट काठ्या करीत असत, आणि त्यासाठीं लागणारा बांबू कलकत्त्याच्या बंदरांतून जाई. कलकत्ता बांबू ह्याच नांवानें तो ओळखला जात असे. पुढें चीनमधील टोंकिन बांबूनें त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूच्या काठ्या आल्या. आणि १९७० नंतरच्या दशकांत कार्बनतंतूच्या.

कार्बन हलका आणि ताठ असतो, आणि टोंकाचा कंप मुठीपर्यंत झटकन् आणून पोहोंचवितो. जिगच्या कामाला तोच उत्तम. पण त्याचे दोन दोष स्पष्ट सांगितले पाहिजेत. दगडावर किंवा एस.टी.च्या दारावर आपटला तर त्याला बाहेरून न दिसणारी इजा होते, आणि पुढें एखाद्या दिवशीं अल्पशा ताणानें काठी तेथेंच मोडते. दुसरा दोष जिवाशीं गांठ घालणारा आहे. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखालीं ही काठी उभी धरूं नये, आणि वळिवाचा गडगडाट ऐकूं येतांच ती आडवी ठेवून आसरा गांठावा. मासे दुसऱ्या दिवशींही असतात. कांचतंतूची काठी जड आणि थोडी बहिरी, पण सोशिक असते. घरांत मुलें ती हाताळणार असतील, तर दोन्हीं तंतूंच्या मिश्रणाची घेणें शहाणपणाचें. रेल्वेनें किंवा एस.टी.नें येणाऱ्यानें दोन तुकड्यांची काठी घ्यावी. अखंड काठी किंचित् अधिक संवेदनशील असेल, परंतु ती डब्याच्या दारांत मोडल्यावर त्या गुणाचा उपयोग काय?

काठीवरील कड्यांकडे फारसें कोणी पाहत नाहीं, आणि दोरा तुटण्याचें मूळ पुष्कळदां तेथेंच असतें. कड्यांच्या आंत चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचें वेष्टन असतें. त्याला केसाएवढी चीर गेली तरी ती दोऱ्याला करवतीसारखी कापते. कापसाचा बोळा प्रत्येक कडींतून फिरवून पाहावा. तंतू अडकले तर ती काठी परत करावी. कड्या फुटागणिक एक आणि वर एक, ह्या हिशेबानें निदान असाव्यात. समुद्राचें मीठ लोखंड सोडीत नाहीं. म्हणून घरीं आल्यावर काठी आणि रीळ गोड्या पाण्यानें धुऊन, पुसून ठेवण्याचा नियम करावा.

रिळाच्या दोन जाती आहेत. एक काठीच्या खालीं लोंबणारें, दुसरें काठीच्या वर बसणारें. वर बसणाऱ्या रिळाची फिरकी फेंकतांना अंगठ्यानें आवरावी लागते. न आवरल्यास दोऱ्याचें असें घरटें होतें कीं तें सोडविण्यांत भरती येऊन जाते. नवख्यानें खालीं लोंबणारेंच घ्यावें, आणि काठीही त्याच जातीची घ्यावी, कारण दोन्हीं जातींच्या काठ्यांच्या कड्या निराळ्या मापाच्या असतात. रीळ बसविल्यावर काठी त्याच्या किंचित् पुढें एका बोटावर तोलून पाहावी. शेंडा एकदम खालीं जात असेल, तर तासाभरांत मनगट दुखेल आणि दुखऱ्या मनगटाला टिचकी कळत नाहीं. मूठ बुचाची असो वा फोमची. रिळापाशीं काठीचें अंग उघडें असावें, म्हणजे एक बोट थेट काठीवर टेंकतां येतें.

दोराही काठीइतकाच बोलका पाहिजे. नायलॉनचा तंगूस ताणला असतां लांबतो. तळावरचा ठोका त्या लांबण्यांतच बुजून जातो. विणलेला, न ताणणारा बारीक दोरा रिळावर भरावा, आणि पुढें हात-दोन हात तीस-चाळीस पौंडी नायलॉन जोडावा. कारण जिताड्याच्या कल्ल्यांच्या झांकणाला धार असते आणि विणलेला दोरा तिच्यापुढें टिकत नाहीं. रिळाचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवावा. मासा ओढूं लागला म्हणजे दोरा थोडा सुटलाच पाहिजे. पण आडोशापर्यंत पोहोंचेल इतका सुटतां कामा नये.

दुकानांत काठी घ्यावयास जातांना खिशांत आपलें जिग, थोडा दोरा, आणि बरोबर एक मित्र घेऊन जावें. पुष्कळ लोक काठी हवेंत दोन-चार वेळां सपासप हालवितात आणि समाधानानें मान डोलवितात. त्यांतून कांहीं कळत नाहीं. कड्यांतून दोरा ओंवावा, मित्रानें त्याचें टोंक दहा-बारा पावलांवर बोटांत धरावें, आणि आपण डोळे मिटून काठी हातांत घ्यावी. मित्रानें केव्हांही, न सांगतां, नखानें दोऱ्यावर टिचकी मारावी. जी काठी ती टिचकी आपल्या हातांत स्पष्ट आणून देते ती बाजूला काढावी. मग मित्राला दोरा घट्ट धरून हळूहळू मागें ओढावयास सांगावें, आणि काठी जमिनीशीं अर्ध्या काटकोनांत धरून वांक पाहावा. प्रथम शेंडा लवावा, आणि थोड्याच वेळांत खालच्या ताठ भागाचें बळ हाताला लागावें. टिचकी सांगणारी आणि बळ देणारी, अशी दोन्हीं परीक्षांत उतरलेली काठी घ्यावी. रंग आणि नांव शेवटीं पाहावें. मात्र काठी सरळ उभी करून कधींही ओढूं नये. तसें केलें म्हणजे सारा भार एकट्या शेंड्यावर येतो आणि तो मोडतो. पाण्यावरही हाच नियम.

आतां शेवटची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीनें महत्त्वाची. जिताडा हा मासा बहुधा नर म्हणून आयुष्यास आरंभ करतो, आणि कांहीं वर्षांनीं, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे आपण ज्याचें छायाचित्र काढावयास धांवतों तो सर्वांत मोठा जिताडा बहुतेक करून अंड्यांवर येणारी आई असते. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धन संस्थेला ह्या माशाची पैदास बंदिस्त पाण्यांत करण्यांत १९९७ सालीं यश आलें, हें खरें. परंतु खाडीची पैदास खाडींतच व्हावयाची. हौसेनें गरवणाऱ्यानें असा मोठा मासा परत सोडावा. आणि परत सोडलेला मासा जगावयाचा असेल, तर तो दमून अर्धमेला होण्यापूर्वीं हातीं आला पाहिजे. लवलवीत काठीवर अर्धा तास खेळवून सोडलेल्या माशाला आपण जीवदान दिलें, हा आपला भ्रम असतो. योग्य ताकदीची काठी ही म्हणून माशावरही दया आहे. तुटलेला तंगूस कांदळांत टाकून येऊं नये, आणि रापणीची होडी येतांना दिसली तर आपली काठी निमूटपणें आवरावी. आपली ती करमणूक आहे. त्यांचें तें पोट आहे.

माझा वेळ संपत आला. पुढें मीं तिसरी काठी घेतली. सात फुटी, कार्बनची, शेंड्याला नाजुक आणि खालीं ताठ. वर सांगितलेल्या दोन्हीं परीक्षा करून घेतलेली. ती घेऊन भाट्याला गेलों तेव्हां तात्या आपल्या जागीं होते. मीं कांहीं न बोलतां काठी त्यांच्या हातांत दिली आणि दहा पावलांवर जाऊन दोऱ्यावर नख वाजविलें. त्यांनीं डोळे मिटले होते. मग म्हणाले, "आता कसं, बोट लांब झालं."

आरंभीं ज्या ठराविक चुकीचा मीं उल्लेख केला ती हीच. हत्यार घेतांना आपण त्याचें बळ पाहतों. तें आपल्याला काय सांगतें, हें पाहत नाहीं. चष्मा असो, लेखणी असो, वैद्याची नळी असो वा ही सात फुटी काठी असो. जें आपल्या बोटाला लांब करतें तें घ्यावें, आणि जें बोटाला बहिरें करतें तें दुकानांतच ठेवून यावें.